मिशी, करंट आणि मी

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला जालन्याहून मामेबहिणीचा फोन आला. आवाज इतका दबका की मला वाटलं, मामांना काही झालं की काय. तर म्हणते, ‘‘ताई, ते मिशीला करंट लावतात ना, ते चांगलं असतं का गं?’’

लग्न ठरलंय तिचं. तेव्हा पाच आठवड्यांवर आलं होतं. इथल्याच, म्हणजे संभाजीनगरातल्याच एका पार्लरने ब्रायडल पॅकेजमध्ये ‘परमनंट हेअर रिमूव्हल’ तिच्या गळ्यात मारलं होतं. सहा सिटिंग, अपरलिप आणि हनुवटी एकदम क्लीन, पुन्हा आयुष्यात थ्रेडिंग नको! तिला माझ्याकडून फक्त ‘हो, कर’ एवढंच ऐकायचं होतं. मी म्हटलं, ‘‘पार्लरचं नंतर बोलू. आधी सांग, पाळी वेळेवर येते का?’’

पलीकडे शांतता. मग हळूच, ‘‘ताई, मी मिशीचं विचारतेय.’’

‘‘मीपण मिशीचंच विचारतेय,’’ मी म्हटलं.

तर हा लेख खरं म्हणजे तिच्यासाठी आहे. आणि त्या प्रत्येकीसाठी, जिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल एखादे वेळी, पण प्लकर असतोच असतो. मुलांनो, तुम्हीही वाचा. बायको किंवा बहीण बाथरूमच्या खिडकीशी आरसा धरून अर्धा तास काय करते, ते कळेल.

हनुवटीवर केस असलेल्या मुलीला विचारा, जगातला सगळ्यात चांगला आरसा कुठला? ती सांगेल, गाडीचा. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये जे दिसत नाही ते जालना रोडवर आकाशवाणीच्या सिग्नलला, सकाळच्या उन्हात, स्कूटीच्या आरशात लख्ख दिसतं. आणि दिसलं की संपलं. मग दिवसभर वाळूजच्या ऑफिसात मीटिंग कसलीही असो, हात हनुवटीवर. बॉसला वाटतं, पोरगी विचार करतेय!

आपल्या शहरात एक बरं आहे. दहा मिनिटांसाठी बाहेर पडायचं तरी मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळतात. ऊन, धूळ वगैरे कारणं असतातच. माझं कारण आठ वर्षं वेगळंच होतं.

बाविसाव्या वर्षी सुरुवात झाली. आधी आजीचं डाळीचं पीठ, हळद, साय. बाळाच्या अंगावरची लव कणकेच्या गोळ्याने काढतात ना, तेच लॉजिक. लव एखादे वेळी निघेलही, पण जाड काळा केस पिठाला दाद देत नाही. मग थ्रेडिंग. दर आठ दिवसांनी. आणि दर आठ दिवसांनी पार्लरच्या ताईंचा तो प्रश्न, पाच बायका बसलेल्या असताना, मोठ्ठ्याने: ‘‘चिन पण करायची का?’’ हा प्रश्न ऐकलेली मुलगी तो विसरत नाही.

२०११ मध्ये घरात कांदेपोह्यांचे कार्यक्रम सुरू झाले आणि मी कुणालाही न विचारता एका पार्लरमध्ये इलेक्ट्रोलिसिस करून घ्यायला गेले. नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही. आतल्या खोलीत एक छोटं मशीन, त्याला बटण, पायाखाली स्विच. सुई स्टीलच्या डबीत, स्पिरिटच्या कापसावर. मी विचारलं, ‘‘नवीन सुई नाही का?’’ तर हसून म्हणाल्या, ‘‘अगं, रोज पुसते मी.’’ मी गप्प बसले. आज त्या गप्प बसण्याचा राग येतो. पण तेव्हा मिशीचा विषय एकदाचा मिटतोय याचंच अप्रूप होतं. शंका काढून तो परत कोण लांबवणार?

प्रत्येक केसाला टोच, मग चटका, मग प्लकरने हिसका. डोळ्यांतून पाणी यायचं. सलग तीन आठवडे गेले. ओठाच्या वर खपल्या धरल्या. खपल्या पडल्या आणि खाली तपकिरी डाग. म्हणजे आधी मिशी होती ती केसांची, आता डागांची! डाग जायला आठ-नऊ महिने लागले. दोन बारीक खड्डे मात्र अजून आहेत, फाउंडेशन लावलं तरी माझे मला दिसतात. आणि केस? ते तर आलेच परत.

त्याहून वाईट पुढेच होतं. डागांसाठी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी सुईबद्दलच विचारलं. मी डबी, कापूस, स्पिरिट सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही अशा तीन टेस्ट लिहिल्या. दुसऱ्या कुणाच्या रक्ताला लागलेली सुई स्पिरिटने पुसली म्हणजे निर्जंतुक होत नाही, एवढं मला तिथे पहिल्यांदा कळलं. काही संसर्ग लगेच रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, म्हणून तीन महिन्यांनी टेस्ट पुन्हा. दोन्ही वेळा निगेटिव्ह. पण ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. आणि कशासाठी? मिशीसाठी!

त्यानंतर दहा वर्षं मी सुईचं नाव काढलं नाही.

करंटने नेमकं होतं काय?

आता थोडं सायन्स, कारण हे कळल्याशिवाय चांगला हात आणि वाईट हात यातला फरक कळत नाही.

ही पद्धत नवी नाही. १८७५ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती प्रसिद्ध केली. त्यांच्या पेशंटच्या पापण्यांचे केस आतल्या बाजूला वाढून बुबुळाला घासायचे. उपटले की परत यायचे. म्हणून त्यांनी केसाच्या मुळाशी बारीक तार घालून करंट सोडला. केस परत आला नाही. म्हणजे जी गोष्ट आपण पार्लरची समजतो ती जन्माने डॉक्टरी आहे.

केस ज्या बारीक नळीतून उगवतो त्या नळीत, केसाच्या कडेने, केसाइतकीच बारीक सुई सरकवायची. करंटचे प्रकार दोन. गॅल्व्हॅनिक म्हणजे डीसी करंट. त्याने नळीतल्या खारट ओलाव्याचं सोडियम हायड्रॉक्साइड होतं, आपल्या ओळखीचा कॉस्टिक सोडा, आणि तो मुळाच्या पेशी मारतो. खात्रीचं काम, पण एकेका केसाला मिनिट-मिनिट जातं. दुसरा थर्मोलिसिस. हाय फ्रीक्वेन्सीच्या करंटने मुळाशी उष्णता होते आणि काम काही सेकंदांत होतं. दोन्ही एकत्र केलं की ब्लेंड. क्लिनिकवाले यातलं काय भारी यावर तासभर बोलतील. मी एवढंच म्हणेन की मशीन कुठलंही असो, सुई मुळापर्यंत गेली नाही तर सगळं फुकट. वरच्या वर थांबली तर कातडी भाजते आणि केस जिवंत राहतो. माझ्या ओठावर तेच झालं होतं.

म्हणूनच हे मशीन निवडायचं काम नाही, हात निवडायचं काम आहे. आणि गोची अशी की अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत इलेक्ट्रॉलॉजिस्टला लायसन्स लागतं, आपल्याकडे त्या नावाचं वेगळं सरकारी लायसन्सच नाही. पाटी कुणीही लावू शकतं. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हा शब्द तर इतका स्वस्त झालाय की बोलायला नको. डॉक्टर असल्याचा दावा असेल तर रजिस्ट्रेशन नंबर मागा. एमबीबीएस, एमडीवाल्यांचा नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो. ब्यूटी थेरपिस्ट असेल तर डिप्लोमा कुठला, त्यात इलेक्ट्रोलिसिस शिकवलं होतं का, आणि शिकल्यावर रोज करतात की महिन्यातून एकदा, हे विचारा. सिडेस्कोसारखा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा असेल तर छानच. पण फ्रेम भिंतीवर असते, सुई हातात.

आणि गंमत म्हणजे एमडी असलेले सगळेच डॉक्टर स्वतः सुई धरत नाहीत. क्लिनिक त्यांचं, हात असिस्टंटचा. म्हणून फोनवरच विचारायचं: ‘‘करणार कोण?’’

आधी रक्त, मग सुई

आता बहिणीला पाळीचं का विचारलं ते.

बायकांच्या चेहऱ्यावर बारीक लव असतेच. अँड्रोजेन नावाच्या हार्मोन्समुळे त्या लवेचे जाड काळे केस होतात. ओठ, हनुवटी, छाती, पोट अशा पुरुषी जागी ते आले की डॉक्टर त्याला हर्सुटिझम म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या साधारण ५ ते १० टक्के बायकांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या दहापैकी सात-आठ जणींच्या मुळाशी पीसीओएस निघतो. काहींच्या बाबतीत कारण सापडत नाही, घराण्यातच असतं. केस किती आहेत हे मोजायलासुद्धा स्कोअर आहे! फेरिमन आणि गॉलवे या दोघांनी १९६१ मध्ये तो मांडला. आता त्याची सुधारलेली पद्धत वापरतात: शरीराच्या ९ जागा, प्रत्येकीला शून्य ते चार गुण. दहावीनंतर इतकं काटेकोर मार्किंग मी पहिल्यांदाच पाहिलं.

एकदा लवेचा जाड केस झाला की तो औषधाने परत लव होईलच असं नाही. गोळ्या नव्या केसांचा रस्ता अडवतात, जुने सुईनेच काढावे लागतात. नुसती सुई केली आणि हार्मोन्स तसेच राहिले, तर नळ चालू ठेवून फरशी पुसत बसल्यासारखं. इकडे वीस केस मेले, तिकडे वीस नवे आले, आणि बिचाऱ्या इलेक्ट्रॉलॉजिस्टवर आरोप की काम खोटं.

त्यामुळे टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, डीएचईएएस वगैरे टेस्ट डॉक्टर सांगतील तशा आधी करून घ्यायच्या. प्रायव्हेट परवडत नसेल तर आपली घाटी आहे. त्वचारोग आणि स्त्रीरोग दोन्ही ओपीडी तिथे आहेत, फक्त सकाळी लवकर जायची तयारी ठेवा. गोळ्यांचा केसांवरचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, हेही लक्षात ठेवा. यासाठी स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी देतात, ती चालू असताना दिवस राहून चालत नाही. नवीन लग्न होणाऱ्या मुलीने डॉक्टरला लग्नाची तारीख सांगायलाच हवी ती यासाठी. आणि हो, केस हळूहळू न येता चार-सहा महिन्यांत भसाभस आले, आवाज घोगरा झाला, पाळी बंद पडली, तर पार्लर-बिर्लर विसरा, थेट डॉक्टर. क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असू शकते.

मला हे सगळं त्या डागांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पीसीओएसच निघाला. तोपर्यंत मी दर दोन-अडीच महिन्यांनी पाळी येते याला ‘सोय’ समजत होते!

फोन पे फोन

२०२० च्या शेवटी हनुवटीवर पहिला पांढरा केस सापडला. डोक्यावर एकही पांढरा नाही आणि हनुवटीवर! तोपर्यंत मी लेझरचा विचार करत होते. तो त्या दिवशी बारगळला, कारण लेझर केसातल्या काळ्या रंगाला पकडतं. पांढरा, भुरा, लालसर केस त्याला दिसतच नाही.

लेझर वाईट असं मी म्हणत नाही. केस काळे, जाड आणि दाट असतील तर ते पटकन होतं, आपल्या सावळ्या त्वचेला त्यातल्या त्यात एनडी-याग प्रकारचं लेझर सुरक्षित मानतात. पण दोन गोष्टी जाहिरातीत नसतात. एक, अमेरिकेचं एफडीए लेझरच्या बाबतीत ‘परमनंट रिडक्शन’ म्हणतं, म्हणजे केस कायमचे कमी होणं. कायमचं काढणं हा शब्द इलेक्ट्रोलिसिससाठीच आहे. दोन, काहींना लेझरनंतर चेहऱ्यावर आणि मानेवर उलटे जास्त केस येतात. आपल्यासारख्या त्वचेच्या आणि पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये हे जास्त दिसतं. माझ्या एका मैत्रिणीच्या जबड्याखाली असं झालं. आधी तिथे फक्त लव होती. ओठावर, हनुवटीवर मोजके पंधरा-वीस दांडगे केस असतील तर माझं मत सरळ सुईला.

अडचण ही की सुईवाले मिळेनात. मी शहरात अकरा ठिकाणी फोन लावले. समर्थनगर, निराला बाजार, सिडको, कॅनॉट, सगळीकडे. सात जणांनी ‘आता ते कोण करतं मॅडम, लेझर घ्या’ म्हणून लगेच पॅकेज सांगायला सुरुवात केली. एकीने ‘सहा सिटिंगमध्ये गॅरंटी’ दिली. मी फोन ठेवला. केस एकाच वेळी सगळे उगवत नाहीत, काही वाढत असतात, काही झोपलेले असतात. झोपलेला केस आज दिसतच नाही, तर तो आज मारणार कसा? चेहऱ्याला वर्ष ते दोन वर्षं लागतात. सहा सिटिंगची गॅरंटी देणारीला एक तर हे माहीत नाही, किंवा माहीत असून ती खोटं बोलतेय. दोन्हींत मला रस नव्हता.

पुण्याला जा, असंही चौघींनी सांगितलं. ऑफिसमधली एक मैत्रीण जायचीही. पहाटेची ट्रॅव्हल्स, पाच-सहा तास, अर्ध्या तासाचं सिटिंग, परत पाच-सहा तास. तिसऱ्या महिन्यात तिने सोडलं. सुरुवातीला दर आठवड्याला जावं लागतं, त्यामुळे पुण्यातल्या सुपरस्टारपेक्षा सिडकोतला बरा हात कधीही चांगला.

शेवटी मिळाला तो हात एका स्किन क्लिनिकच्या मागच्या खोलीत होता. पन्नाशीच्या मॅडम, बोलायला जरा तुसड्या. पहिल्या दिवशी त्यांनी सुई काढलीच नाही. चाळीस मिनिटं नुसते प्रश्न. पेसमेकर आहे का, जखमेची गाठ वाढते का, म्हणजे केलॉइड, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या अलीकडे घेतल्या का, ओठावर नागीण येते का, शुगर, दिवस गेलेत का. मग माझे खड्डे भिंगातून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘कुठं केलं विचारत नाही. मी ओठाला लगेच हात लावणार नाही.’’

त्या वाक्याला मी तिथेच मनातून हो म्हटलं.

पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासमोर पाकीट फाडलं. एकदाच वापरायची, सीलबंद, निर्जंतुक सुई. आमच्यासारख्या डाग धरणाऱ्या त्वचेला वरच्या भागावर कोटिंग असलेली सुई येते, म्हणजे वरची कातडी वाचते आणि करंट टोकालाच लागतो, ती त्यांनी घेतली. हातमोजे, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, ऑटोक्लेव्ह केलेला प्लकर. जबड्याखाली, कानाजवळ, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे फक्त आठ केस. एकाला लागून दुसरा नाही, मध्ये अंतर सोडून. ‘‘आता तीन आठवड्यांनी या. डाग पडला तर पुढं करायचं नाही.’’ पैसे त्या आठ केसांचेच घेतले.

आणि इथे मला दहा वर्षांनी कळलं की बरोबर केलेलं कसं वाटतं. सुई आत जाताना टोचल्यासारखं वाटत नाही, कारण ती कातडीतून नाही, केसाच्या आपल्या वाटेने जाते. करंट लागला की चटका बसतो, तो बसतोच, खोटं सांगणार नाही. ओठावर तर शिंक आणि रडू एकदम येतं. (डॉक्टरांना विचारून तासभर आधी सुन्न करणारं क्रीम लावता येतं.) पण नंतर केस भिजवलेल्या कणकेतून निघावा तसा निघतो. हिसका नाही. हिसका बसला तर समजायचं, केस मेला नाही, नुसता उपटला. मग ते पैसे थ्रेडिंगचे, दर इलेक्ट्रोलिसिसचा! हिसके बसत राहिले तर बोला. चांगला हात लगेच थांबतो, सुईची खोली बघतो, सेटिंग बदलतो. ‘‘थोडं सहन करा ना’’ म्हणणारा हात सोडून द्या.

जबड्याखाली दोन दिवस लाली, चौथ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या, दहाव्या दिवशी काही नाही. तीन आठवड्यांनी मी गेले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, सुरू करा.’’

जानेवारी २०२१ मध्ये सुरू केलं. दोन सिटिंगच्या मध्ये थ्रेडिंग, वॅक्स, प्लकर सगळं बंद. केस दोन-तीन मिलिमीटर दिसला पाहिजे तरच तो पकडता येतो. अगदीच वाईट दिसलं तर बारीक कात्रीने कापायचा, उपटायचा नाही. सगळ्यात अवघड भाग हाच, करंटबिरंट काही नाही. वाढलेली हनुवटी घेऊन लोकांत वावरायचं! पण तेव्हा सगळं जग मास्क लावून फिरत होतं. लोक मास्कला शिव्या द्यायचे, मी मनातल्या मनात आरती करायचे. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या लाटेत क्लिनिक बंद होतं, ते दोन महिने वाया गेले.

आधी दर आठवड्याला अर्धा तास, मग पंधरा दिवसांनी, शेवटी महिन्याने पंधरा मिनिटं. ४५ सिटिंग झाली. तेव्हा अर्ध्या तासाचे ८०० रुपये घ्यायच्या, शेवटच्या छोट्या सिटिंगचे कमी. एकूण तीस-बत्तीस हजार गेले, टेस्ट आणि गोळ्या वेगळ्या. थोडक्यात, एका बऱ्या मोबाइलचे पैसे, फक्त तो दर दोन वर्षांनी बदलावा लागतो. पैसे दर सिटिंगला, मिनिटांप्रमाणे. पॅकेज नाही, अ‍ॅडव्हान्स नाही, पावती दर वेळी. हात आवडला नाही तर उठून जाता आलं पाहिजे, आणि आधी भरलेले पैसे माणसाला उठू देत नाहीत.

सिटिंगनंतर चोवीस तास मेकअप नाही, खपली खरवडायची नाही, आणि सनस्क्रीन. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन कोवळ्या त्वचेवर पडलं की डाग पक्का. स्कार्फ बांधायचा तर रोज धुतलेला, मऊ सुती. धूळ भरलेला स्कार्फ ताज्या खपल्यांवर घासत वाळूजपर्यंत गेलात तर दोष सुईला देऊ नका.

२०२२ च्या दिवाळीपर्यंत माझं आटोपलं. आता सहा-आठ महिन्यांनी एखादा चुकार केस येतो. हार्मोन्स आहेत, ते नवीन केस उगवू शकतात. मग एक फोन, दहा मिनिटं.

हे सगळं करायलाच हवं का? अजिबात नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापून आला, तर लोकांनी मार्क सोडून तिच्या ओठावरचे केस पाहिले. सोशल मीडियावर तिची जी टिंगल झाली ती वाचून मला माझी कांदेपोह्यांची वर्षं आठवली. ठेवायचे तर खुशाल ठेवा. पण काढायचेच असतील तर कुणाच्या तरी डबीतल्या सुईने नको.

तर बहिणीचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी कळलं की तिने पाच हजार आधीच भरले होते. पावती नाही. परत मागायला आम्ही दोघी गेलो, तर ‘‘त्याऐवजी फेशियल घ्या’’ झालं. अर्धा तास हुज्जत घालून दोन हजार परत मिळाले, बाकीच्याची फेशियल. मी त्या खोलीत डोकावून पाहिलं. मशीन एकदम चकाचक, नवं कोरं. सुया कुठे ठेवता विचारलं, तर ड्रॉवर उघडून दाखवायला कुणी तयार नाही.

लग्नाच्या तोंडावर सुई लावू नये हे तिला पटवायला मात्र मला माझा चेहरा उन्हात धरून ते दोन खड्डे दाखवावे लागले. लाली दोन दिवसांत जाईल, पण एखादा डाग पडलाच तर तो मुहूर्त पाहून जात नाही. फोटो मात्र जन्मभर राहतात. म्हणून लग्नाला तिच्या नेहमीच्या ताईंकडून थ्रेडिंग, बस्स. रक्ताच्या टेस्ट झाल्या, पाळीचं कारण सापडलं, डॉक्टरांनी लग्नाची तारीख विचारूनच औषध ठरवलं. सासर सिडकोत, त्यामुळे माझ्या तुसड्या मॅडम तिला दहा मिनिटांवर. कानाजवळचे पहिले आठ केस लग्नानंतर महिन्याने.

वर्ष-दीड वर्ष दर आठवड्याला जायचं म्हणजे नवऱ्याला सांगावं लागणार. ती चार दिवस घाबरून होती. परवा सांगितलं एकदाचं, फोनवर, तोच दबका आवाज लावून. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘माझ्या कानांवरचे पण निघतील का गं?’’

निघतात. मी मॅडमना विचारलंय.